कुवेतचे खडे, हिजाझचे ज्वालामुखी

कुवेतमध्ये डोंगर नाही, वाहती नदी नाही, ज्वालामुखी तर नाहीच. देशाची सर्वांत उंच जागा ३०० मीटरच्या आसपास, तीही इतक्या हळूहळू चढत जाते की सिंहगडाची सवय असलेल्या पायांना तो चढ आहे हे कळणारही नाही. तरी शहरातून पश्चिमेला सालमीच्या रस्त्याला लागा आणि मोकळ्या माळावर गाडी थांबवून खाली उतरा. बुटांखाली कुरकुरतात ते खडे नीट पाहा: पांढरे क्वार्ट्झचे, गुलाबी ग्रॅनाइटचे, विटकरी ऱ्हायोलाइटचे, काळे बेसाल्टचे. यातले शेवटचे दोन ज्वालामुखीच्या पोटातून आलेले. जवळपास दोन-चारशे किलोमीटरांत ज्याचा मागमूस नाही, त्या ज्वालामुखीचे तुकडे इथे रस्त्याकडेला पडलेत.

(खडा जरूर उचला. धातूचं काही दिसलं तर मात्र चार हात लांब राहा. १९९०-९१ च्या युद्धातली न फुटलेल्या दारूगोळ्याची पिल्लावळ या वाळवंटात अजून सापडते.)

नदी होती, पण बघायला आकाशात जावं लागलं

खड्यांचा माग लावला तो फारूक अल-बाझ यांनी. मूळचे इजिप्तचे, बॉस्टन विद्यापीठातले भूशास्त्रज्ञ. अपोलो मोहिमांच्या अंतराळवीरांना चंद्राकडे भूशास्त्रज्ञाच्या नजरेनं कसं पाहायचं हे शिकवणारे हेच. 'स्टार ट्रेक' मालिकेतल्या एका छोट्या यानाला त्यांचं नाव दिलेलं आहे, म्हणजे माणूस किती लोकप्रिय होता पाहा. १९९१ च्या युद्धानं कुवेतच्या वाळवंटाचं काय केलं हे ते उपग्रहचित्रांवरून तपासत होते. १९९३ मध्ये त्यांनी सांगितलं की सौदी अरेबियातल्या हिजाझच्या डोंगरांतून निघून थेट कुवेतपर्यंत येणारी, सुमारे ८५० किलोमीटर लांबीची एक मेलेली नदी वाळूखाली दडलेली आहे.

तिचा वरचा भाग म्हणजे मदिनेच्या बाजूनं निघणारी वादी अल-रुम्मा. मध्ये वाळूच्या टेकड्यांनी तिला गाडून टाकलं. पलीकडे तीच वादी अल-बातिन या नावानं पुन्हा वर येते आणि आज कुवेत-इराकची पश्चिमेकडची सीमा म्हणून नकाशावर मिरवते. राजकारण्यांनी आखलेली ती रेघ मुळात पाण्यानं आखलेली आहे.

सात-आठ हजार वर्षांपूर्वी अरबस्तान आजच्यापेक्षा पुष्कळ ओला होता, तेव्हा ही नदी वाहत होती. पण खड्यांचे जाड थर त्याहून कितीतरी जुने, लाखो वर्षांत साठत गेलेले. भूशास्त्रज्ञ त्यांना दिबदिब्बा थर म्हणतात. दोन्ही वेळा माल एकाच ठिकाणाहून आला: अरबी ढाल, म्हणजे लाल समुद्राच्या काठचा तो प्राचीन खडकांचा भाग.

एका महासागराची राख

आता ही ढाल कशाची बनली आहे ते ऐका. सुमारे ८७ कोटी ते ६० कोटी वर्षांपूर्वी तिथे जमीन नव्हती, समुद्र होता. त्याला मोझांबिक महासागर असं नाव दिलं आहे. त्या समुद्रात एक प्लेट दुसरीच्या खाली सरकत होती, म्हणजे ज्याला सबडक्शन म्हणतात ते चालू होतं. खाली जाणाऱ्या प्लेटच्या वर ज्वालामुखी बेटांची रांग उभी राहिली, आज प्रशांत महासागरात टोंगा किंवा मारियानाला दिसते तशी. अशा अनेक रांगा एकमेकींवर आपटत, चिकटत गेल्या, मधला समुद्र संपला आणि बेटांचा खंड झाला. जिथे सांधा बसला तिथे समुद्रतळाचे तुकडे चिमटीत अडकून राहिले. जबल एस, जबल वस्क या वायव्य सौदीतल्या डोंगरांत आज महासागराच्या तळाचा खडक उन्हात तापत पडलेला दिसतो.

पुढे साधारण तीन कोटी वर्षांपूर्वीपासून लाल समुद्र उघडू लागला आणि ढाल दुभंगली. अर्धी अरबस्तानात राहिली, अर्धी इजिप्त-सुदानला गेली. इजिप्तच्या वाटणीला आलेल्या भागात अबू दुखान नावाचा डोंगर आहे. तिथे सुमारे ६० कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा जांभळा दगड मिळतो. रोमन सम्राट या दगडावर इतके फिदा होते की वाळवंटातून नाईलपर्यंत आणि तिथून जहाजानं तो न्यायचे. इस्तंबूलमध्ये ३३० साली उभारलेला कॉन्स्टंटाइनचा स्तंभ याच दगडाचा. सम्राटानं तो स्वतःच्या वैभवासाठी उभारला, पण त्यात खरं जुनं काही असेल तर तो दगड.

सौदीकडच्या भागात महद अज-जहाब ही सोन्याची खाण आहे, सुमारे तीन हजार वर्षं अधूनमधून चालत आलेली. तीही याच जुन्या ज्वालामुखी खडकांत. प्लेट जिथे खाली जाते तिथे वर सोनं-तांबं येतं, हा योगायोग नाही. त्याचं कारण पाणी.

आग लावतं पाणी

आपल्याला वाटतं, प्लेट खाली गेली, गरम झाली, वितळली, झाला लाव्हा. तसं नसतं. खाली जाणारी प्लेट उलट थंडच असते. पण समुद्रतळावर कोट्यवधी वर्षं राहिल्यानं तिच्या खनिजांत पाणी मुरलेलं असतं. सुमारे १०० किलोमीटर खोलीवर दाबानं ते पाणी बाहेर पडतं आणि वरच्या तप्त खडकात शिरतं. पाण्यामुळे त्या खडकाचा वितळण्याचा बिंदू उतरतो आणि खडक वितळायला लागतो. म्हणजे आगीचं मूळ पाण्यात.

याला पुरावा काय? एकदम फर्मास पुरावा आहे. अंतराळातून येणाऱ्या किरणांमुळे वातावरणात बेरिलियम-१० तयार होतं. पावसाबरोबर ते समुद्रात उतरतं आणि तळाच्या चिखलात बसतं. त्याचं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) सुमारे १४ लाख वर्षं, म्हणजे भूशास्त्राच्या हिशेबात काहीच नाही. पृथ्वीच्या पोटात ते असण्याचं कारणच नाही, कधीच संपलेलं असणार. पण १९८० च्या दशकात सबडक्शनवाल्या ज्वालामुखींच्या ताज्या लाव्ह्यात ते सापडलं! म्हणजे समुद्रतळाचा चिखल खाली गेला, पाण्याबरोबर वितळलेल्या रसात मिसळला आणि काही दशलक्ष वर्षांत पुन्हा ज्वालामुखीच्या तोंडातून बाहेर पडला. आकाशातून पडलेली वस्तू पाताळात जाऊन परत.

हिजाझच्या खडकांना ही परीक्षा लावता येत नाही. तिथलं बेरिलियम-१० संपून युगं लोटली. तिथे दुसरी युक्ती लागते.

चोथा मागे राहतो

चहात पाणी काय करतं? रंग, कडकपणा घेऊन येतं आणि चोथा गाळण्यात सोडतं. खाली जाणाऱ्या प्लेटमधून निघालेलं पाणीही तसंच निवडक. बेरियम, स्ट्रॉन्शियम, शिसं, पोटॅशियम यांना ते सहज बरोबर घेतं. निओबियम आणि टँटलम मात्र पाण्याला दाद देत नाहीत, ते खालीच अडून राहतात. त्यामुळे अशा ठिकाणच्या लाव्ह्याची रासायनिक तपासणी केली की आलेखात निओबियम-टँटलमच्या जागी खड्डा दिसतो. तो खड्डा दिसला की भूशास्त्रज्ञ कान टवकारतात: इथे कधीतरी समुद्र प्लेटखाली गेला होता.

अडचण एकच. ७० कोटी वर्षांत खडक भाजला, दबला, त्यातून पाणी फिरलं. पाण्यात सहज विरघळणारं बेरियम, पोटॅशियम मधल्या काळात कुठून कुठे गेलं असेल, देव जाणे. तेव्हा साक्षीदार असे निवडायचे की जे जागचे हलत नाहीत: टायटेनियम, झिर्कोनियम, इट्रियम, थोरियम आणि तेच हट्टी निओबियम. जुलियन पिअर्स आणि जो कॅन यांनी १९७३ मध्ये टायटेनियम, झिर्कोनियम, इट्रियम यांचा त्रिकोणी आलेख मांडला आणि अनोळखी बेसाल्ट कुठे जन्मला हे ठरवण्याची सोय केली. पन्नास वर्षं होऊन गेली, आलेखाची चेष्टाही भरपूर झाली, पण विद्यार्थी आजही तो काढतातच.

काळं म्हणजे एकच नव्हे

सालमीच्या माळावर दोन काळे खडे उचलले असं समजा. वरून दोन्ही सारखे. मुळात ते आतूनही काळे असतील याचीच खात्री नाही. वाळवंटात पडलेल्या दगडावर हजारो वर्षांत मँगनीज आणि लोहाचा पातळ काळसर लेप चढतो. हातोडीनं फोडल्याशिवाय काही बोलू नये. समजा फोडले आणि दोन्ही खरेच बेसाल्ट निघाले. तरी एक ७५ कोटी वर्षांपूर्वीच्या बेटाचा असू शकतो आणि दुसरा काही लाख किंवा कोटी वर्षांपूर्वीचा.

कारण अरबी ढालीवर नंतरही लाव्हा ओतला गेला आहे. हर्रत म्हणतात त्या काळ्या लाव्ह्याच्या माळांना. त्यांचा सबडक्शनशी थेट संबंध नाही. लाल समुद्र फाटला त्या काळापासूनचा हा प्रकार. वादी अल-रुम्माच्या उगमाकडेच हर्रत खैबर पसरलाय. आणि हर्रत रहातमध्ये १२५६ साली मदिनेजवळ लाव्हा फुटला, ५२ दिवस वाहत होता, २३ किलोमीटर गेला आणि शहराच्या अलीकडे थांबला. इतिहासकारांनी तारखेसकट लिहून ठेवलेल्या ज्वालामुखीचा एखादा जुना भाऊबंद आणि ज्याचा साक्षीदार असायला पृथ्वीवर एकही प्राणी नव्हता असा ज्वालामुखी, दोघांचे तुकडे एकाच ओंजळीत मावतात. निवाडा निओबियम करतं. बेटाच्या खड्यात खड्डा, हर्रतच्या खड्यात नाही.

तिसरा काळा दगड आपला, सह्याद्रीचा. तोही सबडक्शनचा नाही. ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारताच्या पोटाखालून उफाळलेला तो लाव्हा. पण आपल्या घाटांनी रसायनशास्त्राचा वेगळाच खेळ दाखवलाय. एकावर एक बसलेले थर डोळ्यांना सारखेच दिसतात, म्हणून शास्त्रज्ञांनी त्यांची रासायनिक घडण पाहून गट पाडले. गटांची नावं ऐका: नेरळ, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. एसटीच्या पाट्या वाचाव्यात तसं वाटतं, पण ही जगभरच्या शोधनिबंधांतली नावं आहेत. यातला आंबेनळी सर्वांत निर्भेळ. बुशेमध्ये वर येताना भूकवचाचा जुना खडक मिसळला, त्यामुळे त्याच्या आलेखातही निओबियम खाली जातं! एवढ्यावरून कुणी महाराष्ट्राखाली समुद्र गेला होता असं म्हणू लागला तर त्याला घरी पाठवावं. एका घटकाच्या साक्षीवर निकाल द्यायचा नसतो, हे शिकवायला आपला घाट कामी येतो.

भारतात सबडक्शनचा जिवंत नमुना पाहायचा तर अंदमानचं बॅरन बेट. देशातला एकमेव जागता ज्वालामुखी. दीर्घ झोपेनंतर तो १९९१ मध्ये पुन्हा धगधगला, कुवेतच्या तेलविहिरी जळत होत्या त्याच वर्षी. संबंध काही नाही, पण ते साल आगीचंच होतं.

वय विचारायचं ते झिरकॉनला

जन्म कुठला ते कळलं. कधीचा? बेसाल्ट वय सांगायला कुरकुरतो, ऱ्हायोलाइट बोलतो, कारण त्यात झिरकॉन असतो. झिरकॉन हा मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा स्फटिक. तयार होताना तो युरेनियमला आत घेतो आणि शिशाला जवळपास प्रवेशच देत नाही. म्हणून आज त्यात जे शिसं सापडतं ते आत बसलेल्या युरेनियमचंच झालेलं. युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य ४४६.८ कोटी वर्षं, युरेनियम-२३५ चं ७०.४ कोटी. एकाच स्फटिकात दोन घड्याळं. दोन्ही एकच वेळ दाखवत असतील तर वय पक्कं. जुळत नसतील तर मधे कुणीतरी घड्याळाशी खेळलंय.

काम मात्र आधी घणाचं आणि मग चिमट्याचं. पाच-दहा किलो खडक फोडायचा, दळायचा, चाळायचा, पाण्यानं धुवायचा. चुंबकानं लोहाची खनिजं काढायची. मग जड द्रवात टाकायचं. क्वार्ट्झ तरंगतं, झिरकॉन तळाला बसतो. उरलेली चिमूटभर पूड सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन एकेक कण चिमट्यानं वेचायचा. तांदूळ निवडण्याचा सराव असलेल्यांना इथे चांगली संधी आहे. वेचलेले कण रेझिनमध्ये बसवून अर्ध्यापर्यंत घासले की आत झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात. त्यातल्या एका वलयावर लेझरचा ठिपका मारायचा. कधी कधी मधला गाभा बाहेरच्या वलयापेक्षा कोट्यवधी वर्षांनी थोरला निघतो, कारण जुना कण नव्या रसात सापडलेला असतो. अरबी ढालीत अशाच तपासण्यांतून खिदा नावाचा एक तुकडा उघडा पडला. आजूबाजूची बेटं ७०-८० कोटी वर्षांची आणि हा १६५ कोटींच्या पुढचा! नव्या सोसायटीत वाडा निघावा तसा.

घाटातल्या लाव्ह्याच्या दोन काळ्या थरांमधला तांबड्या मातीचा पट्टा गाडीतून दिसतो ना? त्यातही झिरकॉन सापडले. दुसऱ्या कुठल्या ज्वालामुखीची राख वाऱ्यानं येऊन तिथे बसली होती. २०१५ मध्ये प्रिन्स्टनच्या ब्लेअर शोन आणि सहकाऱ्यांनी त्यावरून दख्खनच्या लाव्ह्याचं वेळापत्रक काढलं आणि मुख्य उद्रेक डायनासोर संपण्याच्या सुमारे अडीच लाख वर्षं आधी सुरू झाल्याचं दाखवलं.

झिरकॉन तुमच्या घरातही आहे. बाथरूमच्या पांढऱ्या टाइल्सवरच्या चकाकीत तो दळून घातलेला असतो. केरळच्या चवराच्या काळ्या वाळूत तो मिळतो. कुवेतमधल्या मल्याळी शेजाऱ्याला हे सांगा, तो बहुधा तुम्हाला माहीत नसलेल्या चार गोष्टी आणखी सांगेल.

शिसं मोजण्याच्या या कलेतून एक भलतीच गोष्ट निघाली. क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ मध्ये शिशावरून पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं काढलं. पण मोजताना त्यांना सगळीकडे जास्तीचं शिसं सापडे: हवेत, धुळीत, हातावर. ते आलं होतं पेट्रोलमधून. पुढची कित्येक वर्षं ते तेल आणि शिशाच्या उद्योगांशी भांडले. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं, जगात सर्वांत शेवटी अल्जीरियात, २०२१ मध्ये. तेलाच्या देशात बसून ही गोष्ट सांगायला जरा मजा येते.

तेल ठेवलंय कशात?

कुवेतचं तेल १९३८ मध्ये बुर्गानला लागलं. आज ते जगातलं दुसऱ्या क्रमांकाचं तेलक्षेत्र मानतात. पण तेल जमिनीत तळ्यासारखं साठलेलं नसतं. ते असतं वालुकाश्माच्या छिद्रांत. बुर्गानचा वालुकाश्म सुमारे १० कोटी वर्षांपूर्वीचा आणि त्याची वाळू पश्चिमेकडून, अरबी ढाल झिजून आलेली. काही थेट, काही आधीच्या वालुकाश्मांत मुक्काम करून. म्हणजे दिनार ज्या तिजोरीतून निघतो ती तिजोरीच झिजलेल्या ज्वालामुखी बेटांची.

पाण्याचंही तेच. एकेकाळी कुवेतला पिण्याचं पाणी इराकच्या शत्त अल-अरब नदीतून होड्यांत भरून आणावं लागे. मग १९६० च्या सुमारास उत्तरेला रौदतैनला गोड पाण्याचा साठा सापडला. पावसाचं पाणी दिबदिब्बाच्या खड्यांतून मुरून खाली खाऱ्या पाण्यावर पातळ थर होऊन राहिलेलं. त्याच नावाची पाण्याची बाटली आजही दुकानात मिळते. हिवाळ्यात तंबू ठोकून 'बर्र'मध्ये, म्हणजे वाळवंटात, राहायला निघालेल्या कुवेती कुटुंबाच्या गाडीत ती बाटली असते, आणि तंबूचे खुंटे ठोकताना जे दगड शिव्या खातात, तेच ते पाणी गाळणारे.

बुर्गानचं डांबर मात्र तेलकंपनीच्या फार आधीपासून वापरात होतं. सुबिया इथे सात हजार वर्षांहून जुन्या वस्तीत डांबराचे तुकडे सापडले, एका बाजूला बोरूचे ठसे, दुसऱ्या बाजूला समुद्री बार्नेकल चिकटलेले. समुद्रात चालणाऱ्या नावेचे जगातले सर्वांत जुने अवशेष ते. डांबराचीही रासायनिक तपासणी झाली आणि उगम बुर्गानच्या टेकडीकडे निघाला.

काम अजून चालू आहे

मोझांबिक महासागर संपला, नंतर दुसरा नंबर लागला टेथिसचा. अरबी प्लेट ईशान्येकडे सरकत टेथिसला इराणखाली ढकलत गेली. त्या सबडक्शनचे ज्वालामुखी इराणमध्ये लांबच लांब पट्ट्यात उभे आहेत. समुद्र संपला तशी दोन खंडांची टक्कर सुरू झाली आणि झाग्रोस पर्वत वर आला. त्याच्या भारानं पुढचा भाग वाकला, तिथे पाणी भरलं. तेच कुवेतसमोरचं आखात: सरासरी खोली जेमतेम ३५ मीटर.

१२ नोव्हेंबर २०१७ च्या रात्री इराण-इराक सीमेवर ७.३ मॅग्निट्यूडचा भूकंप झाला आणि कुवेतच्या उंच इमारतींतली माणसं जिने उतरून रस्त्यावर आली. टक्कर संपलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणखी पूर्वेला इराण-पाकिस्तानच्या मक्रान किनाऱ्यावर तर समुद्रतळ अजून खरोखरच खाली जातोय. तिथे २८ नोव्हेंबर १९४५ ला मोठा भूकंप झाला, तेव्हा त्सुनामीच्या लाटा मुंबईपर्यंत जाऊन पोहोचल्या आणि तिथेही बळी गेले.